नोडमॅनेजर गेल्यावर मागे राहिलेले

पालक प्रोसेस मेली म्हणून तिची मुलं मरत नाहीत, हा युनिक्सचा फार जुना रिवाज. पोरकी झालेली प्रोसेस क्रमांक 1 ची ‘इनिट’ पदरात घेते आणि ती संपली की तिची नोंद पुसते. ती अजून का चालू आहे, किती मेमरी अडवून बसली आहे, हे इनिट विचारत नाही. एका यंत्रापुरतं हे पुरेसं होतं. शेकडो यंत्रं एकाच कामाला जुंपली गेली आणि ते पुरेनासं झालं.

पुण्यात हडूपचे, म्हणजे एक मोठं काम अनेक यंत्रांवर वाटून देणाऱ्या प्रणालीचे, क्लस्टर सांभाळण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. चालू प्रोसेसची ‘पीएस’ यादी काढायची आणि पालकाच्या रकान्यात 1 दिसलेला कंटेनर, म्हणजे क्लस्टरने सुरू केलेली कामाची प्रोसेस, हुडकायचा, हे रात्रपाळीतलं नेहमीचं काम. म्हणून हडूपच्या पहिल्या पिढीतल्या एका गोष्टीबद्दल मला मनापासून आदर आहे. 2006 साली हडूप स्वतंत्र प्रकल्प झाला. तेव्हा प्रत्येक यंत्रावर एक टास्कट्रॅकर असे आणि प्रत्येक कामासाठी तो वेगळी जावा प्रोसेस सुरू करी. या दोघांमधल्या संवादाचं नाव होतं ‘टास्क अम्बिलिकल प्रोटोकॉल’. सांगण्यासारखं काही नसलं तरी दर 3 सेकंदांनी मुलाने टास्कट्रॅकरला हाक द्यायची. त्याने ओळख दिली नाही, तर पालक गेल्याची लॉगमध्ये नोंद करायची आणि 66 हा एक्झिट कोड देऊन स्वतःहून थांबायचं. मागे उरणाऱ्याची जबाबदारी त्या उरणाऱ्यावरच टाकली होती. इतकं सरळ उत्तर मी नंतर क्वचितच पाहिलं.

ऑक्टोबर 2013 मध्ये हडूप 2.2 आलं आणि त्यातून यार्न ही क्लस्टरची साधनं वाटणारी व्यवस्था सर्वांच्या हाती पडली. आता हडूपचं मूळचं मॅपरिड्यूसच काय, कोणताही प्रोग्राम क्लस्टरवर चालवता येणार होता. टास्कट्रॅकरच्या जागी नोडमॅनेजर आला. कंटेनरमध्ये काय चालतं हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, त्यामुळे हाक देण्याचा नियम ज्याच्या त्याच्या मर्जीवर गेला. मॅपरिड्यूसने तो आपल्यापुरता राखला. बाकीच्यांना तो नव्याने लिहावा लागणार होता. नोडमॅनेजर जिवंत असेपर्यंत व्यवस्था चोख होती: कंटेनर वेगळ्या सेशनमध्ये सुरू करायचा, थांबवताना त्याच्या अख्ख्या गटाला आधी ‘टर्म’ संकेत द्यायचा आणि 250 मिलिसेकंदांनी ‘किल’. पण नोडमॅनेजरच अचानक मेला, तर कंटेनर तसेच चालत राहत.

अख्खा क्लस्टर सांभाळणारा रिसोर्समॅनेजर मूळ सेटिंगनुसार 10 मिनिटं नोडमॅनेजरची वाट पाहतो, मग ते यंत्र गमावलं असं धरतो आणि त्या कामाची देखरेख करणारा ॲप्लिकेशनमास्टर दुसरीकडे नवा कंटेनर मागतो. जुना मात्र काम करतोच आहे! नवा नोडमॅनेजर उभा राहिला की यंत्राची सगळी मेमरी मोकळी असल्याचं कळवतो, कारण जुन्यांची त्याला खबरच नसते. त्याहून वाईट अवस्था साम्झा या संदेश-प्रक्रियेच्या साधनावर अखंड चालणाऱ्या कामांची. दोन कंटेनर काफ्का या संदेशांच्या साठ्याचं एकच पार्टिशन वाचतात, निकाल दोनदा लिहितात, एकमेकांचे चेकपॉइंट पुसतात. वाया गेलेली मेमरी परत मिळते. पुढच्या टेबलांमध्ये मिसळलेल्या दुहेरी नोंदी निवडून काढणं हे खरं हाल करणारं काम आहे.

नोव्हेंबर 2014 मधल्या हडूप 2.6 ने एका बाजूने उत्तर दिलं. नोडमॅनेजर आपल्या कंटेनरांची नोंद लेव्हलडीबी या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवू लागला. पुन्हा उठल्यावर तो ती वाचतो आणि चालू कंटेनर परत ताब्यात घेतो. उपाय चांगला आहे, पण त्यासाठी नोडमॅनेजरला त्याच यंत्रावर पुन्हा उठावं लागतं. तो उठलाच नाही तर? साम्झाने ती उणीव आपल्या बाजूने भरली: कंटेनर ठरावीक वेळाने ॲप्लिकेशनमास्टरला विचारतो, मी अजून तुझा आहे का? नकार आला की स्वतःला बंद करतो. पहिल्या हडूपमधली हाक अशी परत आली, आणि मला हे योग्य वाटतं.

नोडमॅनेजरची ती नोंदवही मूळ सेटिंगमध्ये बंदच असते. नवा क्लस्टर ताब्यात आला की मी आधी तेवढी ओळ उघडून पाहते.