वाढीव हमी, जुन्या मोटारसायकलीची

उत्पादकाने दिलेल्या मूळ हमीची मुदत संपल्यावर, किंवा वापरलेली गाडी दुसऱ्याच्या हाती जाताना, ठरावीक शुल्क घेऊन ठरावीक काळापुरती व ठरावीक भागांपुरती दुरुस्तीची जबाबदारी पत्करणारा करार. तो कधी उत्पादक करतो, कधी जुन्या गाड्यांचा व्यापारी, तर कधी या दोघांशी केवळ व्यवहारापुरती जोडलेली तिसरीच कंपनी. आणि दावा नाकारला गेल्यास दाद कोणाविरुद्ध मागावयाची हे यावरच अवलंबून असल्यामुळे, हमीपत्राच्या तळाशी सही व शिक्का कोणाचा आहे हे शुल्काच्या आकड्याआधी पाहावे. विम्याशी या हमीची गल्लत करू नये. मोटार विम्याचे प्रचलित विमापत्र अपघात, चोरी, आग यांची भरपाई देते. यांत्रिक वा विद्युत बिघाड आणि झीज यांना ते स्पष्ट शब्दांत वगळते. वाढीव हमी यांपैकी बिघाडाचा काही भाग आपल्याकडे घेते. झीज मात्र तीही घेत नाही.

दाव्याचा सारा वाद होतो तो झीज आणि बिघाड यांच्या सीमेवर. क्लच प्लेटा, चेनसेट, ब्रेक शू, टायर, बॅटरी, केबली, बल्ब ही नावे अपवादांच्या यादीत जवळजवळ नेहमीच असतात, आणि सात-आठ वर्षे वापरलेल्या गाडीवर मालकाचा खर्च होतो तो मुख्यतः याच जिनसांवर. राहिले इंजिन. पिस्टनच्या रिंगा हळूहळू झिजून इंजिन तेल जाळू लागले, तर हमीदार त्यास झीज म्हणून दावा फेटाळतो. तीच रिंग एकाएकी तुटून ब्लॉकला ओरखडे पडले, तर तो बिघाड ठरण्याचा संभव असतो. परंतु खरे कारण इंजिन उघडल्याखेरीज कळत नाही, आणि दावा नामंजूर झाल्यास उघडण्याची मजुरी ग्राहकाने सोसावी, असे कलम हमीपत्रात बारीक टाइपात आढळते. ते कलम आहे की नाही, हे सही करण्यापूर्वी विचारून लेखी उत्तर घ्यावे.

गाडी घेण्यापूर्वीच अस्तित्वात असलेला दोष हाही सर्वसाधारण अपवाद होय. म्हणजे जो दोष दिसतो त्यावर हमीचा उपयोग नाही. तिचे मोल केवळ न दिसणाऱ्या दोषांपुरते. सबब परीक्षा आधी, हमीचा विचार नंतर. इंजिन रात्रभर थंड राहिलेले असताना सकाळी ते सुरू करून पाहावे. विकणाऱ्याने आपण जाण्यापूर्वीच गाडी तापवून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे, कारण टायमिंग चेनचा खडखडाट आणि सायलेन्सरमधून सुरुवातीला येणारा निळसर धूर हे दोन्ही साक्षीदार तापलेल्या इंजिनात पुष्कळदा मुके होतात. सायलेन्सर थंड असतानाच त्याच्या तोंडाच्या आतून बोट फिरवावे : कोरडी काजळी फारशी चिंतेची नव्हे, तेलकट काळा थर मात्र रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील यांविषयी शंका उत्पन्न करतो. ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा आणि त्याला त्याची मजुरी आनंदाने द्यावी. जुन्या गाडीच्या व्यवहारात याहून सार्थ खर्च दुसरा नाही.

विकणाऱ्यास गाडीचे अंतरंग ठाऊक असते व घेणाऱ्यास नसते, या विषमतेचे शास्त्रीय विवेचन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचा दाखला घेऊन केले, आणि २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना दोघा अन्य अभ्यासकांसह मिळाले. हमीमुळे धोका घेणाऱ्याकडून विकणाऱ्याकडे जातो, हे त्यांच्या निबंधातही नमूद आहे. त्यावरून एक व्यावहारिक भेद निघतो, आणि तो महत्त्वाचा वाटतो : व्यापारी जेव्हा विक्रीच्या किमतीतच सहा महिन्यांची हमी देतो, तेव्हा तो आपल्या परीक्षेला स्वतःच्या पैशाने जामीन राहतो, तीच हमी वेगळे शुल्क घेऊन विकली, तर जामिनाची किंमत घेणाऱ्यानेच भरलेली असते आणि गाडीविषयीचा पुरावा म्हणून तिचे वजन उरत नाही.

हिशेब सोपा आहे. वर्षाचे शुल्क ४,००० रुपये आणि संभाव्य मोठी दुरुस्ती १४,००० रुपयांची धरली, तर तसा बिघाड त्या वर्षात होण्याचा संभव सातांत दोनहून अधिक असेल तरच शुल्क वसूल होते. आणि हमीपत्रात भरपाईची कमाल मर्यादा ७,००० रुपये असेल, तर तोच संभव सातांत चार इतका असावा लागतो. ज्या गाडीचा मोठा बिघाड एका वर्षात इतका संभवनीय आहे, ती गाडी घेऊच नये. उलटपक्षी, एकरकमी १४,००० रुपये काढणे ज्याला अशक्य आहे आणि गाडी बंद पडली की ज्याचा रोजगारच बंद पडतो, त्याने थोडे अधिक मोजून निश्चिंती घेतली तर त्यास अविचारी म्हणता येणार नाही.

गाडीच्या जातीनुसार निर्णय बदलतो. १९८५ साली हीरो होंडा सीडी १०० बरोबर आलेल्या आणि पुढे स्प्लेंडरमध्ये रुजलेल्या ९७.२ घनसेंटीमीटरच्या इंजिनाचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात व ते काम जाणणारा मिस्त्रीही मिळतो. तशा गाडीसाठी शुल्क भरण्यापेक्षा तेवढीच रक्कम बाजूला ठेवावी. चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकसारख्या, द्रवाने थंड होणाऱ्या इंजिनाच्या गाडीचे गणित निराळे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यावर बहुतेक मोटारसायकलींत कार्ब्युरेटर जाऊन इंधन-अंतःक्षेपण आले, आणि त्याबरोबर इंधनपंप, संवेदक व इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आले. हे भाग झिजण्याची सूचना न देता एकाएकी निकामी होऊ शकतात, रस्त्याकडेच्या गॅरेजात सहसा दुरुस्त होत नाहीत, आणि बाहेरून तपासून त्यांचे उरलेले आयुष्य सांगता येत नाही. उत्पादकाची स्वतःची वाढीव हमी असेल आणि तिच्या यादीत हे भाग नावानिशी असतील, तर अशा गाडीसाठी ती घेण्यासारखी असते.

पूर्वीच्या मालकाने घेतलेली हमी आपोआप चालत येते असे समजू नये. नमुना २९ व ३० भरून आरटीओत नाव बदलले, तरी हमीपत्रावरील नाव बदलण्याची तजवीज वेगळी करावी लागते, आणि काही करारांत तशी मुभाच नसते. ठरलेल्या मुदतीत अधिकृत केंद्रात सर्व्हिसिंग केल्याच्या पावत्या मागितल्या जातात; एक चुकली तरी दावा अडू शकतो.

१९३० च्या मालविक्री अधिनियमाचे कलम १६ सामान्यतः मालाच्या गुणवत्तेची गर्भित हमी मानत नाही. वर्णनावरून त्या मालाचा धंदा करणाऱ्याकडून खरेदी झाली असेल, तर मात्र माल विक्रीयोग्य असण्याची शर्त गृहीत धरते, आणि तीही तपासणीत दिसावयास हवे होते अशा दोषांस लागू नाही. त्यामुळे शेजाऱ्याकडून गाडी घेणारा आणि व्यापाऱ्याकडून घेणारा यांचे हक्क सारखे नसतात. २० जुलै २०२० पासून अंमलात आलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये हमीदार कंपनीविरुद्ध तक्रार तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. कंपनीचे मुख्यालय बंगळूरला वा दिल्लीला असले तरी सांगलीच्या ग्राहकास तिकडे जावे लागत नाही. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीस शुल्क नाही; मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. तक्रारीसोबत हमीपत्र, शुल्काची पावती, सर्व्हिसिंगच्या पावत्या आणि दावा नाकारल्याचे लेखी कारण जोडावे. ते कारण तोंडी सांगून परत पाठविल्यास त्याच दिवशी ईमेलने मागून घ्यावे.