हॉटेलच्या खोलीतील दूरचित्रवाणी : खासगी दर्शन की सार्वजनिक संप्रेषण? – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

भाड्याने घेतलेली खोली हे प्रवाशाचे तात्पुरते घर असते. दार लावून घेतल्यावर तो तेथे जे ऐकतो वा पाहतो, ते खासगी मानावे की सार्वजनिक, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. तथापि निर्माता व कलावंत यांचा मोबदला आणि हॉटेलचालकाचे दायित्व या दोन्ही गोष्टी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत. प्रस्तुत लेखात खोलीतील करमणुकीच्या तंत्राचा विकास व त्यासंबंधीचे न्यायनिर्णय यांचा एकत्रित विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. तंत्राचा इतिहास व कायद्याचा इतिहास सहसा वेगवेगळे लिहिले जातात. येथे मात्र एक दुसऱ्यावाचून उलगडत नाही.

नभोवाणीपासून दूरचित्रवाणीपर्यंत

या प्रश्नाचा आरंभ दूरचित्रवाणीच्या आधीचा आहे. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील ला साल हॉटेलात एक मध्यवर्ती नभोवाणी संच बसवून त्याच्या तारा सार्वजनिक दालनांत व पाहुण्यांच्या खोल्यांत नेल्या होत्या. संगीतरचनाकारांच्या संघटनेने यास हरकत घेतली. १९३१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्या. ब्रँडाइस यांच्या निकालपत्राद्वारे असे मत दिले की, अशा रीतीने संगीत पाहुण्यांपर्यंत पोचविणे हे स्वतंत्र सादरीकरणच होय.

१९४७ साली न्यूयॉर्क येथील रूझवेल्ट हॉटेलच्या खोल्यांत दूरचित्रवाणी संच आले आणि पुढील दोन-तीन दशकांत ती सोय सर्वसामान्य झाली. १९७६ च्या अमेरिकन प्रताधिकार कायद्याने स्थानिक केंद्राचे प्रक्षेपण पाहुण्यांच्या खोल्यांपर्यंत नेण्यास, त्यासाठी वेगळे शुल्क न घेण्याच्या अटीवर, सूट दिली. म्हणजेच न्यायालयाने ज्यास सादरीकरण ठरविले होते, त्यातील एका मर्यादित भागास विधिमंडळाने दायित्वातून मुक्त केले.

तबकडी व फीत : दोन निर्णय

यानंतर पाहुण्याच्या पसंतीचा चित्रपट खोलीत दाखविण्याची पद्धत आली. कॅलिफोर्नियातील पाम स्प्रिंग्ज येथील एका विश्रामस्थळी पाहुणे चित्रतबकडी भाड्याने घेत व खोलीतील यंत्रावर स्वतः लावीत. १९८९ साली अपील न्यायालयाने हे सार्वजनिक सादरीकरण नसल्याचा निर्णय दिला.

दोनच वर्षांनी, १९९१ साली, ऑन कमांड या कंपनीच्या यंत्रणेविषयी त्याच राज्यातील संघीय न्यायालयाने याच्या उलट निर्णय दिला. या यंत्रणेत चित्रफितींची यंत्रे हॉटेलच्या एका मध्यवर्ती कक्षात असत. पाहुण्याने दूरनियंत्रकाने चित्रपट निवडला की तो तारांद्वारे त्याच्या खोलीत येई व तेवढा वेळ इतरांच्या यादीतून नाहीसा होई. एका वेळी एकच पाहुणा पाहत असूनही हे सादरीकरण सार्वजनिक ठरले.

दोन्ही प्रकरणांत खोली तेवढीच खासगी होती आणि चित्रपटही भाड्याचाच होता. फरक यंत्राच्या जागेचा होता. यंत्र खोलीत असले तर पाहुणा स्वतः दाखवितो. ते मध्यवर्ती कक्षात असले तर चित्रपटाचे प्रेषण खोलीबाहेरून होते. हा भेद या संपूर्ण इतिहासाची किल्ली आहे, असे म्हणता येईल.

भारतीय संदर्भ

भारतात या प्रश्नाचा पाया मुंबई उच्च न्यायालयात घातला गेला. गरवारे प्लॅस्टिक्स विरुद्ध टेलिलिंक या १९८९ च्या खटल्यात, केबलद्वारे घरोघरी चित्रपट दाखविणे हे घराच्या एकांतात पाहिले जात असले तरी जनतेसाठी केलेले प्रसारणच होय, असे न्यायालयाने म्हटले. १९९१ च्या आखाती युद्धाच्या वेळी मुंबई व दिल्ली येथील पंचतारांकित हॉटेलांत सीएनएनचे वार्तांकन उपग्रहाद्वारे दिसू लागले आणि उपग्रह वाहिन्यांची ओळख देशाला झाली. या पार्श्वभूमीवर प्रताधिकार कायद्यातील १९९४ ची दुरुस्ती लक्षणीय ठरते. एकाहून अधिक घरांपर्यंत उपग्रह वा केबलद्वारे एकाच वेळी केलेले संप्रेषण सार्वजनिक मानले जाईल आणि त्यात हॉटेल वा वसतिगृहाच्या निवासी खोल्यांचाही समावेश होईल, असे स्पष्टीकरण तीत आहे. अन्यत्र न्यायालयांना ज्याचा कीस काढावा लागला, ते आपल्याकडे कायद्याच्या शब्दांतच आले.

२००६ साली वाहिन्यांच्या दरासंबंधीचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला. हॉटेलचालक पाहुण्यांना देत असलेली दूरचित्रवाणीची सोय ही अन्य सुखसोयींसारखीच असून ती विक्री नव्हे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. हा प्रश्न प्रताधिकाराचा नव्हे, शुल्काचा होता, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. त्याच वर्षी डिसेंबरात युरोपीय न्यायालयाने एका स्पॅनिश हॉटेलच्या प्रकरणी असे ठरविले की, केवळ संच पुरविणे म्हणजे संप्रेषण नव्हे. परंतु त्या संचांद्वारे प्रक्षेपण पाहुण्यांपर्यंत नेणे हे सार्वजनिक संप्रेषण होय, मग खोली खासगी का असेना. पाहुणे एकामागून एक बदलत राहतात आणि मिळून त्यांचा मोठा समुदाय होतो, हे त्यामागील एक कारण होते.

समारोप

खोल्यांत चित्रपट पुरविणाऱ्या लॉजनेट या अमेरिकन कंपनीने २००७ साली ऑन कमांड विकत घेतली. २०१३ साली तिलाच दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. पाहुणा आता स्वतःच्या भ्रमणध्वनीवरील, स्वतः वर्गणी भरलेली सेवा खोलीतील पडद्यावर आणू शकतो. यंत्र दूरच्या संगणकात असले, तरी निवड व वर्गणी पाहुण्याची असते आणि हॉटेल पडदा व आंतरजालाची जोडणी तेवढी पुरविते. एका अर्थी १९८९ ची तबकडी नव्या रूपात परतली आहे.

वरील विवेचनावरून असे दिसते की, खोलीच्या खासगीपणाने या प्रश्नाचा निकाल क्वचितच लागला. प्रेषण कोण करतो, याकडेच न्यायालयांनी पाहिले. कर्त्याचा मोबदला तंत्राच्या मांडणीवर ठरावा की पाहणाऱ्याच्या संख्येवर, हा मूळ प्रश्न मात्र अद्याप शिल्लक आहे. खोली कोणाची, यापेक्षा तार कोणाच्या हाती, हे तपासूनच त्याचा विचार करावा लागेल.