दोन धारा आणि गोऱ्हा

१९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला ‘बाएफ’ सुरू केली. पुढे दौंड-शिरूरच्या गोठ्यांत संकरित गाई आल्या. गावठी गाय सहसा वासरू लुचल्याशिवाय पान्हा सोडत नसे, म्हणून प्रत्येक धारेत वासराचा वाटा ठरलेला. संकरित गाय वासराविना पान्हवते. धारा दोनच, कारण संकलन केंद्र सकाळ-संध्याकाळ उघडतं. खरं तर कास भरली की दूध बनणं मंदावतं. तिसरी धार काढली तर दूध वाढतं, पण खुराकही वाढवावा लागतो (आणि झोप जाते ती वेगळीच). वासराला चीक मिळतो, मग बाटली. कालवड निदान उद्याची गाय. गोऱ्ह्याचं काय? नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतली, २०१५पासून कत्तलीवर बंदी. त्याला किती पाजायचं, हे मालक दुधाचा दर बघून ठरवतो.