टायर खरंच ‘अचानक’ फुटतो का? फोर्ड, फायरस्टोन आणि २००० सालचा उन्हाळा

आजचा भाग गाडीच्या टायरवर आहे, पण सुरुवात कोर्टातून करू.

२५ ऑक्टोबर २०१०. पुण्याहून मुंबईकडे एक कार चालली होती. वाटेत मागचं चाक फुटलं, गाडी रस्ता सोडून खोल खड्ड्यात गेली आणि आतल्या ३८ वर्षांच्या एका माणसाचा जागीच मृत्यू झाला. घरच्यांनी भरपाई मागितली. मोटार अपघात न्यायाधिकरणानं सव्वा कोटी रुपये मंजूर केले. विमा कंपनी अपिलात गेली. तिच्या म्हणण्यातला एक मुद्दा असा होता की टायर फुटणं ही ‘ॲक्ट ऑफ गॉड’ आहे. म्हणजे देवाची करणी. भूकंप, वीज, पूर यांच्याच रांगेत फुटलेला टायर!

२०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हे मान्य केलं नाही. टायर फुटण्यामागे जास्त वेग असतो, कमी किंवा जास्त हवा असते, जुने टायर असतात, तापमान असतं. प्रवासाआधी टायर बघणं हे चालवणाऱ्याचं काम आहे, आणि ते न करणं हा माणसाचा निष्काळजीपणा आहे, असं कोर्टानं सांगितलं.

आता आपल्या पेपरातली नेहमीची ओळ आठवा. ‘अचानक टायर फुटल्याने चालकाचा ताबा सुटला.’ टायर आपोआप फुटला, ताबा आपोआप सुटला. माणूस वाक्यात आहे, पण करत काहीच नाही. मला या वाक्यातल्या ‘अचानक’ या शब्दाचा संशय आहे. टायर ज्या क्षणी जातो तो क्षण अचानक असेल, पण त्याआधी बराच काळ तो बिघडत असतो. हे समजून घ्यायला अमेरिकेतलं फोर्ड-फायरस्टोन प्रकरण सगळ्यात चांगलं. कारण तिथे टायर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षं बिघडत होते.

त्याआधी टायर आतून कसा असतो ते पटकन सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. कारचा आजचा टायर म्हणजे रेडियल. बाहेरून सगळा काळा रबर दिसतो, पण तो थरांचा बनलेला असतो. आत कापडी धाग्यांचा सांगाडा. त्यावर पोलादी तारांचे दोन पट्टे, एकावर एक. आणि त्यावर नक्षीवाला जाड रबर, ज्याला आपण ग्रिप म्हणतो. हे सगळे थर एकमेकांना रबरानंच चिकटलेले असतात. चाक फिरताना प्रत्येक फेरीत टायरचा खालचा भाग दबतो आणि वर येताना सरळ होतो. या दबण्यातून उष्णता तयार होते. सगळ्यात जास्त ताण कुठे येतो, तर पोलादी पट्ट्यांच्या कडांवर. तिथे रबराला बारीक चीर पडते. बाहेरून काहीच दिसत नाही. चीर वाढत जाते आणि एका दिवशी वरचा पट्टा नक्षीसकट सोलून निघतो, संत्र्याची साल निघावी तसा.

गंमत म्हणजे अशा वेळी कधीकधी टायरमधली हवा तशीच असते. आपण त्यालाही ‘फुटला’च म्हणतो, पण तो फुटलेला नसतो, सोललेला असतो.

फायरस्टोनला हे आधीच माहीत होतं का? हो. १९७० च्या दशकात त्यांचा ‘फायरस्टोन ५००’ नावाचा रेडियल टायर होता. तेव्हा अमेरिकेत रेडियल नवीन होते आणि कंपनी घाईघाईत बाजारात उतरली होती. १९७२ मध्येच कंपनीच्या विकास विभागाच्या संचालकानं वरिष्ठांना लिहून कळवलं होतं की आपण कमी दर्जाचा टायर बनवतोय आणि जास्त किलोमीटर झाले की याचे पट्टे कडेला सुटणार. टायर तरीही विकले गेले. पुढे अपघात व्हायला लागले, माणसं गेली. तेव्हा कंपनीचं उत्तर काय होतं माहितीये? लोक हवा नीट भरत नाहीत. सरकारी यंत्रणेनं ग्राहकांचा सर्व्हे केला, तर तो प्रसिद्ध होऊ नये म्हणून कंपनी कोर्टात गेली. शेवटी १९७८ मध्ये तोवरचा अमेरिकेतला सर्वात मोठा टायर रिकॉल झाला. रिकॉल म्हणजे विकलेला माल परत मागवून बदलून देणं.

या धक्क्यातून फायरस्टोन नीट सावरलीच नाही. १९८८ मध्ये जपानच्या ब्रिजस्टोननं ती विकत घेतली. (ब्रिजस्टोन हे नाव कुठून आलं? संस्थापकांचं आडनाव इशिबाशी. इशी म्हणजे दगड, बाशी म्हणजे पूल. आडनाव उलटं करून इंग्रजीत घातलं, बस्स.)

आता फोर्ड. हेन्री फोर्ड आणि हार्वी फायरस्टोन हे दोस्त होते. १९०६ पासून फोर्डच्या गाड्यांना फायरस्टोनचे टायर. दोघं एडिसनला घेऊन जंगलात कॅम्पिंगला जायचे. पुढे दोन्ही घराण्यांत लग्न झालं. २००० साली फोर्ड कंपनीचे चेअरमन असलेले बिल फोर्ड हे हेन्री फोर्ड आणि हार्वी फायरस्टोन या दोघांचेही पणतू. म्हणजे हे भांडण एका अर्थी घरातलंच.

१९९० मध्ये फोर्डनं एक्सप्लोरर ही एसयूव्ही आणली. गाडी तुफान चालली. पण उंच गाडी झपकन वळवली तर कलंडू शकते, आणि हे चाचण्यांमध्येही दिसलं होतं. मग एक सोपा मार्ग निघाला. टायरमध्ये हवा कमी ठेवायची. फोर्डनं २६ पीएसआय सुचवलं. हवा कमी असली की टायर रस्त्याला मऊ पकडतो, गाडी मऊ चालते. पण मघाशी सांगितलं ते आठवा. हवा कमी म्हणजे टायर जास्त दबणार, जास्त दबला की जास्त तापणार, आणि पट्ट्यांच्या कडा आणखी लवकर चिरणार. त्यात घरातली सगळी माणसं, मागे सामान, आणि टेक्सास किंवा ॲरिझोनाचं ऊन. त्यातून महिनोन्‌महिने हवा तपासलीच नाही, तर २६ चे २० कधी झाले ते कळतही नाही.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त कशाचा राग येत असेल, तर तो यानंतरच्या भागाचा. इशारे मिळत होते. नुसते मिळत नव्हते, लेखी मिळत होते.

जुलै १९९८. स्टेट फार्म या विमा कंपनीतला एक संशोधक क्लेमचे कागद बघत होता. त्याला एकाच प्रकारच्या फायरस्टोन टायरचे २१ अपघात सापडले. त्यानं वाहन सुरक्षेच्या सरकारी संस्थेला ईमेल पाठवला. काहीच झालं नाही. १९९९ मध्ये फोर्डनं सौदी अरेबियात गाड्यांचे टायर बदलून द्यायला सुरुवात केली. मे २००० मध्ये व्हेनेझुएलात तेच केलं. दोन्ही उष्ण देश, लांबचे रस्ते, तेच टायर. पण अमेरिकेतल्या ग्राहकाला कुणी सांगितलं नाही की बाबा, तुझ्याही गाडीखाली हेच आहेत.

फेब्रुवारी २००० मध्ये ह्यूस्टनच्या केएचओयू या स्थानिक टीव्ही चॅनलनं बातमी दाखवली: एक्सप्लोरर, सोललेले टायर, उलटलेल्या गाड्या, मेलेली माणसं. फायरस्टोननं चॅनलला कडक पत्र पाठवलं. पण बातमी बघून लोकांचे फोन सुरू झाले, आमच्याकडेही असंच झालं म्हणून. त्यातले बरेच जण सरकारी संस्थेच्या हेल्पलाइनवर गेले. एका ईमेलनं जे हललं नव्हतं, ते शेकडो तक्रारींनी हललं. मे महिन्यात चौकशी उघडली गेली. ९ ऑगस्ट २००० रोजी रिकॉल जाहीर झाला. या प्रकारचे एक कोटी ४४ लाख टायर बनले होते. त्यातले सुमारे ६५ लाख अजून रस्त्यावर असतील असा अंदाज होता. एवढे नवे टायर एकदम आणायचे कुठून? प्रतिस्पर्धी कंपन्यांचे टायर बसवून द्यावे लागले.

शेवटी सरकारी नोंदीत या टायरशी जोडलेले २७१ मृत्यू आणि ८०० हून जास्त जखमी जमा झाले.

मग सुरू झाला ‘मी नाही, तो’चा खेळ. फोर्ड म्हणाली, हा टायरचा प्रश्न आहे, गाडीचा नाही. फायरस्टोन म्हणाली, गाडीच कलंडते, आणि २६ पीएसआय तुम्हीच सांगितलंत. आणि हो, ग्राहक हवा तपासत नाहीत! १९७८ चंच उत्तर, २२ वर्षांनी. मे २००१ मध्ये फायरस्टोननं फोर्डशी असलेलं जवळपास शंभर वर्षांचं नातं तोडलं. दुसऱ्याच दिवशी फोर्डनं स्वतःच्या खर्चानं आणखी एक कोटी ३० लाख फायरस्टोन टायर बदलायचं जाहीर केलं.

दोष नेमका कुणाचा? ऑक्टोबर २००१ मध्ये सरकारी चौकशीनं काही टायरच्या रचनेतच दोष असल्याचं म्हटलं. पट्ट्याच्या कडेवर गरजेपेक्षा जास्त ताण येत होता. शिवाय इलिनॉयमधल्या डिकेटर कारखान्यात बनलेल्या टायरच्या तक्रारी जास्त होत्या. अर्थतज्ज्ञ ॲलन क्रूगर आणि अलेक्झांडर मास यांनी नंतर यावर अभ्यास केला. डिकेटरमध्ये १९९४ ते १९९६ कामगारांचा मोठा संघर्ष झाला होता. संपकऱ्यांच्या जागी दुसरी माणसं घेतली होती, नंतर दोन्ही गट एकत्र काम करत होते. त्या तणावाच्या काळात बनलेले टायर जास्त बिघडले, असं त्यांना आकड्यांतून दिसलं. विचार करा, कारखान्यातलं भांडण चार-पाच वर्षांनी हायवेवर एखाद्या कुटुंबाच्या गाडीखाली बाहेर आलं.

म्हणजे रचना, कारखाना, हवेचा आकडा, ऊन, ओझं, उंच गाडी. यातलं एकही ‘अचानक’ नाही.

नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकेत नवा कायदा झाला. परदेशात माल परत मागवला तर इथेही कळवायचं, अपघातांच्या आणि क्लेमच्या नोंदी सरकारला द्यायच्या. त्याच कायद्यातून आणखी एक गोष्ट आली, जी तुमच्यापैकी अनेकांच्या गाडीत असेल. डॅशबोर्डवर घोड्याच्या नालासारखं चिन्ह आणि मधे उद्गारचिन्ह, असा पिवळा दिवा. टीपीएमएस. हवा कंपनीनं सांगितलेल्या आकड्यापेक्षा २५ टक्के कमी झाली की हा दिवा लागलाच पाहिजे, असा तिथला नियम आहे. २००७ पासून तिथल्या सगळ्या नव्या कारमध्ये तो सक्तीचा झाला.

पण एक लक्षात घ्या. हा दिवा फक्त हवा मोजतो. आतले पट्टे सुटत चाललेत का, हे त्याला कळत नाही. सोलत चाललेल्या टायरमध्ये हवा पूर्ण असू शकते आणि दिवा शांत.

म्हणून थोडं आपल्या गाडीकडे येऊ. खड्ड्यात किंवा डिव्हायडरला चाक जोरात आपटलं आणि टायरच्या बाजूला फुगा आला, तर तिथले आतले धागे तुटलेत असं समजा. त्या जागी आता हवेला फक्त रबरानं धरलंय. अशा टायरवर ‘गावाला जाऊन येतो, मग बघू’ करू नका. फुग्याला पॅच नसतो. बाजूच्या भिंतीला पडलेलं पंक्चरही धोक्याचंच, कारण तो भाग सतत दबत असतो. पंक्चर टायरवर तसंच दोन-तीन किलोमीटर गेलात तर रिम आणि रस्ता यांच्यामध्ये टायर आतून भरडला जातो. मग पंक्चरवाल्यानं भोक बुजवलं तरी आतला भुगा बुजत नाही. त्याला टायर काढून आत रबराची पावडर पडलीये का ते बघायला सांगा. आणि एका ठरावीक वेगाला गाडी थरथरायला लागली, किंवा टप-टप असा तालात आवाज आला, तर अलाइनमेंटच्या नावावर ढकलण्याआधी टायरवरून हात फिरवून बघा, कुठे उंचवटा लागतोय का.

टायर गोटा झाला असेल तर वेगळा प्रश्न. आपल्या नियमाप्रमाणे कारच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. त्याखाली पावसात पाणी बाजूला ढकलायला जागाच उरत नाही आणि टायर पाण्यावर तरंगतो.

वयही बघा. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. यातही एक इतिहास आहे. २००० आधी तीनच आकडे असायचे, वर्षाचा फक्त शेवटचा. त्यामुळे टायर १९८८ चा की १९९८ चा हे ओळखणं अवघड व्हायचं. नक्षी नवी दिसते म्हणून फसू नका, रबर ठेवल्या ठेवल्याही कडक होतो. डिकीतली स्टेपनी तर हमखास विसरली जाते. (हा आपला ‘स्टेपनी’ शब्द वेल्समधला. लॅनेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ च्या सुमारास जादा चाक बनवायला सुरुवात झाली, त्या रस्त्याचं नाव आपण आजही घेतोय.)

आणि चालू गाडीत टायर गेलाच तर? ब्रेकवर उभे राहू नका. एक्सप्लोररच्या बऱ्याच अपघातांत मागचा टायर सोलला आणि गाडीची मागची बाजू घसरायला लागली. अशा वेळी जोरात ब्रेक मारला किंवा स्टिअरिंग झटक्यात फिरवलं की गाडी आडवी होते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट सरळ धरा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, वेग आपोआप उतरू द्या, मग कडेला घ्या.

या आठवड्यात तुमच्या गाडीच्या पाचही टायरवरचे चार आकडे वाचा आणि सगळ्यात जुना निघेल तो कमेंटमध्ये सांगा. स्टेपनी धरून पाच, बरं का. पुढच्या भागात सीटबेल्टचा इतिहास घेऊन येतो.