परिचारिकेची शाखा बदलताना : शिक्षण, रजा आणि नेमणूक

प्रसूतिकक्षात दहा-पंधरा वर्षे काढलेल्या परिचारिकेला नवजात शिशूंच्या किंवा मनोरुग्णांच्या शुश्रूषेकडे वळता येते काय? कागदोपत्री या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. भारतात परिचारिकेची मूळ नोंदणी शाखानिहाय होत नाही. जी.एन.एम. अथवा बी.एस्सी. नर्सिंग उत्तीर्ण झालेली व्यक्ती राज्य परिषदेकडे परिचारिका व प्रसविका म्हणून नोंदली जाते आणि त्या बळावर तिला कोणत्याही कक्षात काम करता येते. शाखा बदलण्यास त्यामुळे नवा परवाना लागत नाही. परंतु कष्टाने मिळवलेली शाखा हाती राहीलच, याची हमीही मिळत नाही. परभणीसारख्या जिल्ह्यात हा दुसरा मुद्दाच अधिक महत्त्वाचा ठरतो.

शिक्षणाचे मार्ग

पहिला मार्ग सेवांतर्गत प्रशिक्षणाचा. आजारी नवजात शिशूंच्या विशेष कक्षासाठी काही दिवसांचे वर्ग आणि त्यानंतर मोठ्या रुग्णालयात प्रत्यक्ष काम, अशी त्याची रचना असते. दुसरा मार्ग एक वर्षाच्या पदविकेचा. अतिदक्षता, नवजात शिशू, शस्त्रक्रियागृह, कर्करोग, मूत्रपिंडविकार, मनोविकार आदी विषयांत भारतीय परिचर्या परिषदेने असे अभ्यासक्रम आखले आहेत. तिसरा मार्ग दोन वर्षांच्या एम.एस्सी. नर्सिंगचा. जी.एन.एम. परिचारिकेला त्यापूर्वी दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. पूर्ण करावी लागते. म्हणजे एकूण चार वर्षे. ए.एन.एम. झालेल्या आरोग्यसेविकेला तर आधी तीन वर्षांचे जी.एन.एम. करावे लागते. पदविका वा पदवी मिळाल्यावर अतिरिक्त अर्हतेची नोंद राज्य परिषदेकडे करून घेणे आवश्यक असते.

जुना अनुभव नव्या शाखेत किती उपयोगी पडेल, हेही पाहावे लागते. प्रसूतिकक्षातील परिचारिकेला जन्मताच न रडलेल्या बाळाचा श्वास सुरू करण्याची सवय असते. शिशुकक्षात ती कामी येते. मनोरुग्णसेवेत मात्र संवाद, निरीक्षण आणि औषधांच्या नियमिततेवर भर असल्याने बरेच नव्याने शिकावे लागते.

परभणीतील गरज

नऊ तालुक्यांच्या या जिल्ह्यात २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयात विषयवार विभाग चालवावे लागतात आणि अशा विभागांना त्या विषयात मुरलेल्या परिचारिका हव्या असतात. मनोविकारांच्या बाबतीत ही गरज विशेष तीव्र आहे. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये परभणीपासून दूर आहेत. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या मराठवाड्यात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची भिस्त म्हणूनच स्थानिक मनुष्यबळावर आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आरोग्य परिचारिकेची स्वतंत्र व्याख्याही आहे.

रजा आणि वेतन

नियमित शासकीय सेवेतील परिचारिकेला महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ नुसार अध्ययन रजा मागता येते. त्याबदल्यात परतून ठरावीक काळ सेवा करण्याचे बंधपत्र द्यावे लागते. ही रजा हक्काची नसून मंजुरीवर अवलंबून असते. कक्षात आधीच मनुष्यबळ अपुरे असेल तर मंजुरी लांबते. कंत्राटी परिचारिकांना हे नियम लागू नाहीत. त्यांच्यासाठी पदविकेचे वर्ष म्हणजे बहुधा वेतनाविना वर्ष; शिवाय परतल्यावर जागा मिळेलच असे नाही. चाळिशीतील, मुलांचे शिक्षण चालू असलेल्या स्त्रीचा निर्णय अनेकदा येथेच अडतो.

नेमणुकीचा प्रश्न

सार्वजनिक आरोग्य विभागात मनोविकृती परिचारिका व बालरुग्ण परिचारिका अशी काही पदे स्वतंत्र आहेत. अशा पदावर नियुक्ती झाल्यास शाखा टिकते. अधिपरिचारिकांची नेमणूक मात्र सामान्यतः आळीपाळीने वेगवेगळ्या कक्षांत होते. शिशुकक्षात शिकून आलेली परिचारिका काही महिन्यांत शल्यकक्षात पाठवली गेली, तर तिचे प्रशिक्षण वाया जातेच, शिवाय तिच्या जागी आलेल्या नवख्या परिचारिकेला पहिल्यापासून शिकवावे लागते. दीड किलो वजनाच्या बाळाला शिरेवाटे द्यावयाच्या द्रवाचे प्रमाण थोडे चुकले तरी त्याच्या जिवावर बेतू शकते. तेव्हा हा प्रश्न परिचारिकेच्या सोयीपुरता उरत नाही.

प्रवेश घेण्यापूर्वी तीन गोष्टींची खातरजमा करून घ्यावी : संस्थेला परिषदेची मान्यता आहे काय, जिल्ह्यात त्या शाखेचे मंजूर पद आहे काय, आणि परतल्यावर त्याच कक्षात नेमणूक देण्याविषयी लेखी आदेश मिळू शकतो काय. पहिल्या दोहोंची उत्तरे सहज मिळतात. तिसऱ्याचे उत्तर मिळवण्यासाठी अर्ज आधीच, अधिसेविकांमार्फत, लेखी स्वरूपात करणे श्रेयस्कर.