डोके उठते त्याची गोष्ट

कानाशी पोरांनी गलका केला की घरोघरच्या आजीबाई म्हणतात, "डोके उठवू नका रे!" वाचकहो, ही नुसती बोलण्याची लकब नव्हे, तिच्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात शिरोरोगांची कारणे दिली आहेत. दिवसाची झोप आणि रात्रीचे जागरण यांच्याच पंक्तीला तेथे मोठ्याने बोलणेही बसविले आहे. सुश्रुताने अकरा शिरोरोग मोजले. त्यांतला 'अर्धावभेदक' म्हणजेच आपली अर्धशिशी.

दुसऱ्याच्या आवाजाचा ताप मात्र काळाबरोबर वाढत गेला. आमच्या शिरूर-दौंडकडेच पाहा. घोडनदीकाठच्या शिरूरला इंग्रजांची छावणी होती. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची फौज दोन तोफांसह तेथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला लढाई झाली. भीमाकाठच्या दौंडला 1878 साली मनमाडचा लोहमार्ग जोडला गेला आणि रात्रीही इंजिनांच्या शिट्ट्या घुमू लागल्या. तरी तोफ कडाडून गप्प होई, गाडी निघून जाई. हलगीवाल्याचा हात भरून येई, सनईवाल्याचा दम सरे. प्रत्येक वाद्याला माणसाच्या शक्तीची मर्यादा होती. विजेच्या कर्ण्याला दम लागतच नाही! शिवाय डेसिबल हे माप फसवे. आकडा दहाने वाढला की ध्वनीची शक्ती दसपट होते, विसाने वाढला की शंभरपट!

1988 साली आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने अर्धशिशीची लक्षणे ठरवून दिली. मळमळ, उजेड न सोसणे यांबरोबर आवाज न सोसणे हेही त्यांत आले. काहींना तर मोठ्या आवाजानेच कळ सुरू होते. कानात दोष नसतो, पण इतरांना मौजेचा वाटणारा ठेका त्यांच्या मस्तकात घणासारखा बसतो.

केंद्र सरकारच्या 2000 सालच्या नियमांनी वस्तीत दिवसा 55 व रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवती किमान 100 मीटरचे शांतता क्षेत्र ठरविण्याची सोय केली. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर कर्ण्याला मनाई आहे. 2005 साली सर्वोच्च न्यायालयानेही ती बजावली. सणांच्या मोजक्या दिवशी सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. अर्धशिशीला मात्र सणाची सुट्टी नसते.

तेव्हा या दिवाळीत घरातली सून कपाळाला फडके बांधून अंधाऱ्या खोलीत पडली, तर तिला नखरेल म्हणू नका. दार हलकेच लोटा, आणि पोरांना फटाके घेऊन दूर मैदानात पाठवा. तिचीही दिवाळी गोड होऊ द्या.