त्र्यंबकच्या नाथांनी चक्रं 'बॅलन्स' केली नव्हती

सिंहस्थ जवळ आला की नाशकात दोन गोष्टी वाढतात. रस्त्यांचे खड्डे आणि फ्लेक्स. खड्ड्यांवर आपण सगळेच लिहितो, म्हणून आज फ्लेक्सवर.

गंगापूर रोड असो की त्र्यंबकचा रस्ता, एक चित्र हल्ली सारखं दिसतं. मांडी घालून बसलेली आकृती आणि पाठीच्या कण्यावर इंद्रधनुष्याच्या रंगातले सात गोळे. खाली लाल, वर जांभळा. शेजारी मजकूर साधारण असा: हजारो वर्षांची ऋषिपरंपरा, अमुक आसनाने अमुक चक्र संतुलित करा, थायरॉईड, मधुमेह, नैराश्य यांपासून मुक्ती. परदेशी पाहुण्यांसाठी इंग्रजीत वेगळा फ्लेक्स.

माझा आसनांना विरोध नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये तेच सुरू होईल. मी स्वतः रोज सकाळी सूर्यनमस्कार घालतो. माझा आक्षेप 'हजारो वर्षांची परंपरा' या शब्दांना आहे. कारण ज्या परंपरेचं नाव घेऊन हे विकलं जातं ती आपल्या त्र्यंबकेश्वरातच नांदलेली आहे, आणि ती वेगळंच काही सांगते.

निवृत्तिनाथांना ब्रह्मगिरीच्या गुहेत गहिनीनाथ भेटले, ही कथा आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते. कथा बाजूला ठेवली तरी ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी आपली गुरुपरंपरा स्वतःच सांगितली आहे: आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती. म्हणजे चक्र-कुंडलिनीचा विषय मराठीत आला तो त्र्यंबकच्या वाटेने. १२९० साली नेवाशात पूर्ण झालेल्या या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात गीतेचे श्लोक थोडके आहेत, पण त्यावर ज्ञानदेवांनी कुंडलिनीचं जे वर्णन केलंय ते गीतेत कुठेच नाही. ते थेट नाथांच्या घरचं आहे.

त्यात आसनं किती? एक. फक्त एक. टाच कुठे दाबायची, ताठ कसं बसायचं, हे बारकाईने सांगितलंय. त्याला ते मूळबंध म्हणतात, आणि वज्रासन हे त्याचंच दुसरं नाव असंही सांगतात. (आपण जेवणानंतर घालतो ते वज्रासन नव्हे हं.) मग हनुवटी छातीशी टेकते तो जालंधर बंध, पोट आत ओढलं जातं तो उड्डियान. एवढ्यावर कुंकवात न्हालेल्या नागिणीच्या पिल्लासारखी साडेतीन वेटोळ्यांची शक्ती जागी होते.

आणि जागी होऊन ती करते काय? खाते. शरीरातलं मांस खाते, पृथ्वी आणि पाणी ही दोन्ही तत्त्वं गिळून मग शांत होते. जुनी कातडी गळून नवी काया येते. शरीरानेच शरीराचा घास घ्यायचा, हे नाथांचं मर्म म्हणून ज्ञानदेव तिथे सांगतात. यात 'तणावमुक्त वीकेंड' कुठे बसतो ते मला समजलेलं नाही. पुढे बाराव्या अध्यायात तेच ज्ञानदेव हा मार्ग किती कष्टाचा आणि त्यामानाने भक्तीची वाट किती सोपी हे सांगतात. वारकऱ्यांनी कोणती वाट धरली, ते दरवर्षी पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेत दिसतंच.

बाकीचे जुने ग्रंथही बघा. पतंजलीच्या योगसूत्रांत चक्रांची यादीच नाही, नाभिचक्राचा एक उल्लेख तेवढा आहे. नाथांच्या ग्रंथांत चक्रांची संख्याही एक नाही. कुठे सहा, तर गोरक्षांच्या नावावर असलेल्या सिद्धसिद्धांतपद्धतीत नऊ. पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेत आसनं जेमतेम पंधरा. त्यातल्या मत्स्येंद्रासनाने कुंडलिनी जागी होते असं तिथे म्हटलंय, ते नाकारायचं कारण नाही. पण 'या आसनाने हे चक्र, त्या आसनाने ते चक्र' असा तक्ता तिथे नाही. या ग्रंथांचा शब्द 'भेद' आहे, संतुलन नाही. चक्र ही ध्यानाची जागा, आणि तिथून शक्ती पार करून वर न्यायची. समतोल साधायचा तो इडा-पिंगलेचा, प्राण-अपानाचा, म्हणजे श्वासाचा.

आता ते रंग. सोळाव्या शतकात बंगालमध्ये पूर्णानंदांनी षट्चक्रनिरूपण लिहिलं. त्यात मूलाधाराच्या पाकळ्या लाल आहेत, पण मधला पृथ्वीचा चौकोन पिवळा. फ्लेक्सवर पिवळं असतं ते मणिपूर. ग्रंथात त्याच्या पाकळ्या पावसाने भरलेल्या ढगाच्या रंगाच्या. फ्लेक्सवर हिरवं अनाहत. ग्रंथात ते बंधूक फुलासारखं लाल. मग इंद्रधनुष्य आलं कुठून? कलकत्ता हायकोर्टाचे न्यायाधीश जॉन वुड्रॉफ यांनी १९१९ मध्ये हा ग्रंथ इंग्रजीत आणला. १९२७ मध्ये थिऑसॉफिस्ट लेडबीटर यांनी चक्रांवर स्वतःचं पुस्तक काढलं आणि दुसरं चक्र चक्क प्लीहेवर नेऊन ठेवलं. पुढे कोणी ग्रंथी जोडल्या, कोणी स्वभाव जोडले, आणि १९७०च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य देशांत सात रंगांचा संच तयार झाला. तो विमानाने परत आला आणि आपण त्याला ऋषिपरंपरा म्हणून हार घातला.

'विशुद्ध चक्र म्हणजे थायरॉईड' हे तर साध्या हिशोबातही बसत नाही. हार्मोन हा शब्दच १९०५ चा. थायरॉक्सिन वेगळं काढलं गेलं १९१४ मध्ये. सर्वांगासनाचं जुनं रूप म्हणजे विपरीतकरणी. टाळूपाशी चंद्र आहे, त्याचं अमृत नाभीतला सूर्य जाळतो, म्हणून उलटं व्हायचं, ही त्यामागची कल्पना. फार सुंदर कल्पना आहे. पण ती टीएसएच कमी करण्यासाठी नव्हती.

हे सगळं पंडिती वाटत असेल तर एक घरगुती गोष्ट सांगतो. माझ्या नात्यातल्या एका काकूंना अशाच एका शिबिरात 'गळ्याचं चक्र मोकळं झालं की गोळी लागणार नाही' असं सांगितलं गेलं. काकूंनी गोळी बंद केली. काही महिन्यांत चेहऱ्यावर सूज, दिवसभर झोप, जिना चढवेना. डॉक्टरांनी गोळी परत सुरू केली, आता ठीक आहेत. शिबिराचे पैसे अर्थातच गेले. अशा काकू प्रत्येक गल्लीत असतील, म्हणून हे सार्वजनिक ठिकाणी लिहितोय.

आणि आपल्याकडे तपासून बघण्याची परंपरा नव्हती असं कुणी म्हणू नये. स्वामी दयानंदांनी आत्मकथनात लिहून ठेवलंय: गंगेत वाहत आलेलं प्रेत त्यांनी काठावर ओढलं, चाकूने फाडलं, जवळच्या ग्रंथांतल्या चक्रवर्णनाशी ताडून पाहिलं. जुळलं नाही, तेव्हा ग्रंथ फाडून प्रेतासोबत नदीत सोडले. मुंबईचे डॉ. वसंत रेळे यांनी १९२७ मध्ये उलट वाट धरली. कुंडलिनी म्हणजे उजवी व्हेगस नस, असं त्यांनी पुस्तकात मांडलं. त्याला प्रस्तावना वुड्रॉफ यांची, आणि त्यांनाच हे मत मान्य नव्हतं! लेखकाशी असहमत असलेली प्रस्तावना छापायला मन मोठं लागतं.

पण माझा खरा मान जातो तो जगन्नाथ गणेश गुणे यांच्याकडे, म्हणजे स्वामी कुवलयानंदांकडे. आपल्या शेजारच्या खानदेशात, अंमळनेरला, ते शिकवत होते. योग माधवदासजींकडून शिकले, पण गुरू म्हणाले म्हणून खरं, इथे थांबले नाहीत. बडोद्याच्या दवाखान्यात उड्डियान आणि नौली करणाऱ्यांचे एक्स-रे काढले. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभं केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' नियतकालिक काढून मोजमापं छापायला लागले. नौली करताना मोठ्या आतड्यात दाब खरंच कमी होतो, हे त्यांनी यंत्र लावून दाखवलं. जे मोजता आलं ते आकड्यात लिहिलं. गुरूंवर श्रद्धा तर इतकी की त्या निर्वात अवस्थेला नावही माधवदासांचंच दिलं.

नाशिकलाही योगाचं काम आजचं नाही. विश्वास मंडलिक यांनी इथूनच अनेक वर्षं योगशिक्षक घडवले, २०१८ चा पंतप्रधान योग पुरस्कार त्यांना मिळाला. म्हणजे नीट शिकवणारी माणसं गावात आहेत. शोधावी लागतात इतकंच, कारण त्यांचे फ्लेक्स छोटे असतात.

सिंहस्थात आखाडे, शाहीस्नान, व्हीआयपी सगळं टीव्हीवर दिसेल. एक गोष्ट बहुधा दिसणार नाही. बारा पंथांचे नाथयोगी दर सिंहस्थाला त्र्यंबकेश्वरात जमतात, आपला 'राजा' निवडतात आणि नागपंचमीच्या सुमारास झुंडी करून पायी निघतात, थेट मंगळुरूच्या कद्री मठापर्यंत. २०१५ ला निघालेली झुंडी पोहोचली २०१६ मध्ये. शेकडो वर्षांच्या परंपरेचा जिवंत पुरावाच हवा असेल तर तो हा. योगाच्या नावाने प्रदर्शन भरवायचंच असेल तर महापालिकेने आणि सिंहस्थाच्या नियोजनकर्त्यांनी या पायवाटेचा एक नकाशा आणि सहाव्या अध्यायाचं एक पान तरी तिथे लावावं. सात रंगी गोळ्यांना जागा कमी पडली तरी चालेल.

शिबिराला जाणाऱ्यांनी जरूर जा. पाठ सुटते, झोप लागते, ओळखी होतात. फक्त सकाळची गोळी घेऊन जा. आणि घरात ज्ञानेश्वरी असेल तर सहावा अध्याय काढा, एकशे नव्वदाव्या ओवीच्या पुढे. अवघड शब्दांसाठी आजी-आजोबांना विचारा, त्यांनाही बरं वाटेल.